वाचकांचे प्रश्न : बुद्धगयेला निघालोय, किती आणि काय काय बघू?

मागच्या अंकात धम्मयात्रेबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा असं लिहिलं आणि मेसेजचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम टाकली नाहीत, गावं तेवढी दिलीत.

प्रश्न : जय भीम ताई. आम्ही भुसावळचे. घरातले नऊ जण यात्रेला निघायचं म्हणतोय, त्यात माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात पण हौस दांडगी, मरायच्या आत बुद्धगया बघायचीच म्हणतात. इथल्या एका टूरवाल्याचं पत्रक आलंय, दहा दिवसात सांची, सारनाथ, बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी आणि श्रावस्ती, सगळं बसने, जेवणखाण धरून. मुलांच्या शाळेमुळे दिवाळीच्या सुट्टीतच जमेल. जावं का? की आपलं आपण ट्रेनने जावं?

उत्तर : जय भीम. स्पष्टच सांगते, हे पत्रक बाजूला ठेवा. टूरवाला फसवतोय असं नाही म्हणत मी, बरेच जण प्रामाणिकपणे नेऊन आणतात, पण दहा दिवसात नऊ ठिकाणं आणि तीही भुसावळपासून बसने म्हणजे सासूबाईंना बुद्धगया कमी आणि बसची खिडकीच जास्त दिसणार. हिशोब करून बघा. नुसतं बुद्धगयेला पोचायलाच हजाराच्या वर किलोमीटर, सारनाथहून बुद्धगया अडीचशेच्या आसपास, कुशीनगरहून गोरखपूर पन्नासेक, तिथून नेपाळची हद्द आणखी शंभरेक, पुढे लुंबिनी, तिथून श्रावस्ती परत दोनेकशे किलोमीटर. अशा टूरमध्ये काय होतं, तर रात्री अकराला हॉटेलवर पोचायचं, पहाटे चारला उठायचं आणि बुद्धगयेच्या महाबोधी विहारात "दीड तासात बाहेर या, बस सुटेल". ज्या जागेसाठी बाई आयुष्यभर थांबली तिथं दीड तास! मला नाही पटत.

दुसरी गोष्ट दिवाळीची. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते, त्या आठवड्यात मुंबई-पुण्याकडचा अख्खा बिहार गावाला निघतो, रिझर्व्हेशनच्या डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. मुलांची शाळा तीनचार दिवस बुडाली तर बुडू द्या (शिक्षकांनो, रागावू नका) आणि छठ उरकल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे जा. नाहीतर सरळ फेब्रुवारी. डिसेंबरची अखेर आणि जानेवारी टाळा, त्या पट्ट्यात धुकं इतकं पडतं की गाड्या पाच पाच सात सात तास लेट होतात आणि थंडीत प्लॅटफॉर्मवर म्हातारं माणूस घेऊन बसायचं म्हणजे शिक्षाच. बुद्धपौर्णिमेला जायची इच्छा खूप जणांची असते पण मे महिन्यात गयेचा पारा चाळिशीच्या वर असतो, सासूबाईंना तेव्हा नेऊ नका. आणखी एक, जे फार जणांच्या लक्षातच येत नाही, भाद्रपदातला पितृपक्ष. त्या पंधरवड्यात गयेला पिंडदानाला देशभरातनं लोक येतात, गया स्टेशनपासून लॉजपर्यंत सगळं फुल्ल.

आता भुसावळकरांचं नशीब असं की ट्रेनचं जंक्शन तुमच्या दारात आहे. महानगरी एक्सप्रेसने वाराणसी गाठा, तिथून सारनाथ दहा किलोमीटर, एक रात्र तिकडेच काढा. मग पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून (जुनं मुगलसराय) गयेची गाडी पकडा, साधारण तीन तासांचा प्रवास. बुद्धगयेत तीन रात्री मुक्काम, त्यातला एक दिवस राजगीर-नालंदा, आणि परतीला गयेहूनच हावडा-मुंबई मेल, जी थेट भुसावळला आणून सोडते. पण जपून, हावडा-मुंबई मेल दोन आहेत, एक प्रयागराजमार्गे आणि एक नागपूरमार्गे, भुसावळला दोन्ही थांबतात पण गयेवरून फक्त प्रयागराजवाली जाते, तिकीट काढताना नंबर बघून काढा. (कोल्हापूर-मिरजेकडच्या वाचकांसाठी, कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस गयेला थांबते पण आठवड्यातून एकदाच असते, यात्रेच्या तारखा तिच्यावर बेताव्या लागतील.)

बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवस राहिले नाहीत. एका तिकिटावर सहाच जण बसतात म्हणून तुमची दोन तिकिटं होणारच, मग आणखी एक वाढवून तीन करा, पण डोक्याने. सासूबाई आणि घरातली पंचेचाळीसच्या वरची आणखी एक बाई अशा दोघींचं तिकीट वेगळं काढा आणि त्यात लोअर बर्थचा सीनियर सिटिझन कोटा निवडा. जास्त माणसं एका तिकिटात घातली की हा कोटा मिळत नाही, मग डबाभर विनवण्या करत फिरायचं "भाऊ खालचा बर्थ द्या ना". भाड्यातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, त्याची वाट बघू नका.

गुडघ्यांचं म्हणाल तर सारनाथ सगळं सपाट आहे. महाबोधी विहार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट जागी आहे, सुरुवातीला पायऱ्या उतराव्या लागतात, सावकाश उतरल्या तर काही नाही. राजगीरला विश्वशांती स्तूपापर्यंत रोपवे आहे, १९६९ चा जपानी लोकांनी बांधलेला पांढरा स्तूप, वर गेलं की चारी बाजूंनी डोंगर दिसतात. गृध्रकूट, म्हणजे बुद्ध जिथं उपदेश करायचे तो डोंगर, मात्र स्तूपापासून थोडं खाली उतरून परत चढल्यावर येतं, तिथं सासूबाईंना जबरदस्तीने नेऊ नका, त्यापेक्षा खाली मगधाचा राजा बिंबिसाराच्या कैदखान्याचे अवशेष आहेत तिथनं समोर गृध्रकूट दाखवा. अजातशत्रूने बापाला कोंडलं तेव्हा बिंबिसार तिथूनच भगवान बुद्धांच्या डोंगराकडे बघत बसायचा असं सांगतात. बुद्धगयेजवळची डुंगेश्वरीची गुहा, जिथं सिद्धार्थाने खडतर तप केलं असं मानतात, तिथं चढ आहे, ती तरुण मंडळींनी करावी.

कुशीनगर आणि लुंबिनी सोडायचं जिवावर येतंय ना? पुढच्या वर्षी करा. कुशीनगर एक्सप्रेस भुसावळवरूनच गोरखपूरला जाते. नावाला भुलू नका मात्र, ती गाडी कुशीनगरला जात नाही, कुशीनगरला तिचं स्टेशनच नाही, गोरखपूरला उतरून पुढे रस्त्याने जायचं. ही वेगळी पाचसहा दिवसांची निवांत ट्रिप होते.

प्रश्न : महाबोधी विहारात मोबाईल नेऊ देत नाहीत हे खरं आहे का? आम्ही पंधरा जण आहोत, चुकामूक झाली तर? आणि आत नक्की काय काय बघायचं, आमचे आधी जाऊन आलेले नातेवाईक म्हणतात अर्ध्या तासात होतं. – पिंपरी

उत्तर : खरं आहे. ७ जुलै २०१३ ला तिथं साखळी बॉम्बस्फोट झाले, तेव्हापासून मोबाईल आत बंद. बाहेर लॉकर आहेत, तिथं जमा करायचा. कॅमेरा चालतो, त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. पंधरा जणांनी पंधरा मोबाईल जमा करत बसण्यापेक्षा निम्मे हॉटेलवरच ठेवा, लॉकरच्या रांगेतच सकाळ जाते नाहीतर. चुकामुकीला जुना उपाय, आत शिरतानाच एक खूण ठरवा, अमुक वाजता सगळ्यांनी मुचलिंद तळ्याजवळ यायचं. तळ्याच्या मधोमध नागाच्या फण्याखाली बसलेल्या बुद्धांची मूर्ती आहे, लहान पोरालाही सापडते.

अर्ध्या तासात होतं म्हणणारे नातेवाईक मूर्तीला हात जोडून, झाडाला एक चक्कर मारून बाहेर आलेले दिसतात! अहो, तिथं संबोधीनंतरचे, म्हणजे बुद्धांना ज्ञान झाल्यानंतरचे, सात आठवडे मांडलेले आहेत. बोधिवृक्षाखालचा पहिला आठवडा, मग अनिमेष लोचन, जिथून पापणी न लववता झाडाकडे बघत राहिले, मग चंक्रमणाची, म्हणजे चालत ध्यान केलं ती जागा, विहाराच्या भिंतीला लागून उत्तरेकडे एक लांबट ओटा आहे त्यावर दगडी कमळं आहेत, पाऊल पडलं तिथं कमळ अशी कल्पना. मग रत्नघर, अजपाल वटवृक्ष, मुचलिंद, राजायतन. प्रत्येक ठिकाणी पाटी आहे, क्रमाने फिरा, मुलांना वाचायला लावा, दोन तास कसे जातात कळत नाही. मुचलिंदाबद्दल एक सांगते, खरं तळं हे नाहीच, ते दक्षिणेला मोचरिम गावात आहे असं बरेच जण मानतात, वेळ असेल तर ई-रिक्षाने तिकडे जाऊन या, गर्दी अजिबात नसते.

बोधिवृक्षाबद्दल पण लोक विचारतात, हेच ते झाड का? त्याच वंशातलं म्हणायचं. आधीचं जीर्ण झाड १८७६ मध्ये वादळात पडलं, त्यानंतर तिथं उत्खनन करणाऱ्या कनिंगहॅम साहेबाच्या काळात त्याच जागी रोपटं लावलं, तेच आज एवढं पसरलंय. झाडाखाली दगडाचं वज्रासन आहे, बुद्ध बसले त्या जागेवरचं, अशोकाच्या काळातलं, आता कठड्याच्या आत आहे, हात लागत नाही.

जायचं तर पहाटे. दार पाचला उघडतं. त्या वेळी श्रीलंकेचे पांढऱ्या कपड्यातले उपासक एका बाजूला पालीत म्हणत असतात, थायलंडचे दुसऱ्या बाजूला, हिरवळीवर तिबेटी भिक्खू लाकडी फळ्यांवर साष्टांग नमस्कार घालत असतात, तळहाताला छोट्या गाद्या बांधून, सर्रकन पुढे घसरायचं, कपाळ टेकवायचं, उठायचं, परत तेच, शेकडो वेळा. मधेच वरनं पिंपळाचं एखादं पान गळतं आणि एवढा वेळ डोळे मिटून बसलेली पाचसहा माणसं पटकन उठून पळतात. पान मिळालं तर वहीत ठेवा, झाडाचं मात्र तोडू नका, आणि बाहेर प्लास्टिकमध्ये घालून विकतात ती कुठल्या पिंपळाची असतात देव जाणे. तुमचा ग्रुप असेल तर त्रिशरण-पंचशील आणि वंदना बिनधास्त म्हणा, कोणी अडवत नाही, फक्त लाऊडस्पीकर नको आणि घोषणा नकोत, शेजारी कोणीतरी ध्यानाला बसलेलं असतं.

प्रश्न : विहाराच्या व्यवस्थापनावरून आंदोलन चालू आहे असं ऐकतो. अशात जावं का? – नांदेड

उत्तर : जावं की. १९४९ च्या कायद्यानुसार तिथल्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष, हे बदलून व्यवस्थापन पूर्णपणे बौद्धांकडे द्या ही मागणी खूप जुनी, श्रीलंकेच्या अनागारिक धम्मपालांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच हा लढा सुरू केला होता. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी पुन्हा आंदोलन उभं केलं, महाराष्ट्रातूनही पुष्कळ लोक गेले. मागणी मला रास्त वाटते. दर्शनाला त्याने अडचण येत नाही.

प्रश्न : ताई, लुंबिनीला आधार कार्ड चालतं ना? आमच्यात आठवीतली मुलगी आणि सत्तरीचे आजोबा आहेत. तिकडे आपले पैसे चालतात का? – सोलापूर

उत्तर : मोठ्यांचं आधारवर भागवू नका. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. १५ वर्षांच्या आतल्या मुलांना आणि ६५ च्या वरच्या माणसांना आधार चालतं, म्हणजे तुमचे आजोबा आणि नात सुटले, बाकीच्यांनी मतदार कार्ड शोधून ठेवा, बऱ्याच जणांचं कपाटात कुठेतरी असतं आणि निघायच्या आदल्या रात्री आठवतं. नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं असेल तर दोन्ही कागद बरोबर घ्या. सोनौलीची हद्द पायी ओलांडता येते, तुमची गाडी नेपाळमध्ये न्यायची असेल तर तिचा कर आणि परवाना तिथल्या नाक्यावर काढावा लागतो, त्याला भनसार म्हणतात, त्यात वेळ जातो. त्यापेक्षा आपली गाडी अलीकडे ठेवून पलीकडची करणं सोपं. पैसे म्हणाल तर शंभराच्या नोटा जास्त ठेवा, भारताचे शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ. घड्याळ १५ मिनिटं पुढे असतं, मोबाईल रोमिंगमध्ये जातो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मायादेवी मंदिरात फोटो काढू देत नाहीत. बाहेर अशोकस्तंभ आहे तो मात्र नीट थांबून बघा. १८९६ मध्ये त्याच्यावरचा लेख सापडला म्हणून लुंबिनी नक्की कुठे हा घोळ संपला. अशोकाने लिहिलंय की इथं बुद्ध जन्मले, म्हणून या गावचा कर माफ केला आणि उत्पन्नातला सरकारचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. एवढा मोठा सम्राट तीर्थयात्रेला आला आणि गावकऱ्यांचा टॅक्स कमी करून गेला, मला हे फार आवडतं.

प्रश्न : तिकडे जेवणाचं कसं? आमच्याकडच्या बायका म्हणतात आचारी आणि गॅस बरोबर घेऊ. – अमरावती

उत्तर : चाळीस पन्नास माणसं असतील तर घ्या, दहाबारा असतील तर कशाला तो व्याप, यात्रेला जाऊनही बायकांनी कांदेच चिरायचे का? बुद्धगयेत साधी थाळी, पुरी-भाजी, डोसा सगळं मिळतं. हिवाळ्यात तिबेटी लोक तंबू टाकून हॉटेलं थाटतात, थुक्पा (शेवयांचं सूप) प्या, मोमो खा. लिट्टी-चोखा तर खायचाच, सत्तू भरलेली भाजलेली लिट्टी आणि वांग्या-बटाट्याचं भरीत, वऱ्हाडातल्या माणसाला रोडग्याची आठवण येणारच. राजगीर-नालंदा रस्त्यावर सिलाव गाव लागतं, तिथलं खाजं प्रसिद्ध आहे, पदर पदर सुटलेलं. गयेचा तिळकूट हिवाळ्यातच चांगला मिळतो. आणि गयेला अनारसेसुद्धा मिळतात हो! चाखून बघा आणि घरच्याशी तुलना करा, मी माझं मत देणार नाही, भांडणं होतील. ग्रुपमधल्या काही पुरुषमंडळींसाठी एक सूचना, बिहारमध्ये २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे, बॅगेत सापडली तरी केस होते.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, एकटाच जाणारे. गुरुवार ते रविवार एवढीच सुट्टी. सारनाथ, बुद्धगया, नालंदा आणि जमलं तर विपश्यना असा प्लॅन आहे. म्युझियम बघायची फार आवड आहे.

उत्तर : विपश्यना या चार दिवसात बसत नाही, पहिला कोर्सच दहा दिवसांचा असतो. बुद्धगयेत केंद्र आहे पण तेवढ्यासाठी तिकडे जायचीही गरज नाही, इगतपुरी तुमच्या जवळ आहे. म्युझियमची आवड असेल तर वार बघा, सारनाथचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि नालंदाचंही. सारनाथच्या म्युझियममध्ये अशोकाचं सिंहशीर्ष आहे, आपल्या नोटेवरचं, ते प्रत्यक्षात इतकं चकचकीत असेल असं वाटत नाही, जवळपास २३०० वर्षांपूर्वीची झिलई अजून टिकून आहे. तेव्हा गुरुवारी सकाळच्या विमानाने वाराणसी, दुपारी म्युझियम आणि धमेक स्तूप, मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सु नोसूने रंगवलेल्या भिंती, शुक्रवारी सकाळी ट्रेनने गया. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार बुद्धगयेत. रविवारी पहाटे टॅक्सी करून नालंदा आणि तिथून पाटण्याचं विमानतळ, रात्रीचं विमान. राजगीर वगळा, नाहीतर धावपळ होते.

शनिवारी दुपारी विहारात गर्दी असते तेव्हा नदीपलीकडे जा. निरंजना म्हणून डोळ्यासमोर जे चित्र असतं तसं काही नाही, वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. पूल ओलांडला की बकरौर, बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेचं गाव, तिथं विटांचा मोठा गोल स्तूप उत्खननात निघालाय. एकटे दिसलात की कोणीतरी गोड बोलून "सर आमच्या अनाथ मुलांची शाळा बघायला चला" म्हणत येईल. काही शाळा खऱ्या आहेत, काही नुसत्या पावतीपुस्तकापुरत्या. उभ्या उभ्या पैसे काढून देऊ नका. द्यायचेच असतील तर चौकशी करून नंतर बँकेतून द्या. राहायला वेगवेगळ्या देशांच्या विहारांमध्ये साध्या खोल्या मिळतात, पण सीझनमध्ये परदेशी ग्रुप महिनोन्‌महिने आधी अडवून ठेवतात, फोन केल्याशिवाय जाऊ नका. आणि गयेला रात्री उशिरा उतरायची वेळ आली तर स्टेशनजवळच झोपा, बुद्धगया पंधरासोळा किलोमीटर आहे, सकाळी जा.

प्रश्न : नमो बुद्धाय. टूरवाले वैशाली नेहमी गाळतात, तिथं बघण्यासारखं काही नाही का? – कोल्हापूर

उत्तर : आहे तर! वैशालीतल्या कोल्हुआला अखंड दगडाचा सिंहस्तंभ अजून उभा आहे, शेजारी विटांचा स्तूप आणि तळं. भिक्खुणी संघाची सुरुवात वैशालीशी जोडलेली, बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी पायी चालत इथंच आल्या, त्यामुळे बायकांनी तर आवर्जून जावं असं माझं मत. आणि तुम्ही कोल्हापूरचे म्हणून सांगते, तिथल्या अस्थिस्तूपाचं उत्खनन १९५० च्या दशकात झालं ते अनंत सदाशिव आळतेकरांच्या देखरेखीखाली, ते तुमच्याच जिल्ह्यातले. पाटण्याहून गंगा ओलांडून सकाळी निघालं की संध्याकाळपर्यंत परत येता येतं.

प्रश्न : माझ्या वडिलांचं बायपास झालंय, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको सांगितलाय. पण त्यांना कुठंतरी न्यायचंय. बाबासाहेब शेवटी शेवटी आजारी असतानाही सारनाथ, कुशीनगरला जाऊन आले असं म्हणत असतात. – वसई

उत्तर : गेले होते, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना, पण तुम्ही डॉक्टरांचं ऐका. आणि वसईत राहून लांब बघताय? शेजारी नालासोपाऱ्याला स्तूप आहे. शूर्पारक म्हणजे तेच, जुनं बंदर, बुद्धांचे शिष्य पूर्ण स्थविर यांचं गाव. १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप उकरला तेव्हा आत दगडी करंडक मिळाला, त्यात तांब्याची, चांदीची, सोन्याची अशी एकात एक भांडी आणि भिक्षापात्राचे तुकडे. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले. सकाळी रिक्षाने जा, तासभर झाडाखाली बसवा त्यांना. तब्येत साथ देतेय असं वाटलं तर नंतर कधीतरी कान्हेरी, गाडी वरपर्यंत जाते, पण लेण्यांमध्ये पायऱ्या पुष्कळ आहेत, पहिली दोनतीन लेणी बघून थांबा, तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह त्यातच येतं. कान्हेरी सोमवारी बंद असतं.